थॉमस पॅरी : १५४ कविता ठेवणारा आणि १७७ नाकारणारा वेल्श ग्रंथपाल

(चर्चामंचावरचा धागा. प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्या सभासदाचं टोपणनाव आहे.)

पाठभेद

थॉमस पॅरी (१९०४–१९८५) यांची ओळख बहुतेक ठिकाणी 'वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे ग्रंथपाल' अशी करून देतात. पदाच्या हिशोबाने ते बरोबरच आहे. पण त्या खुर्चीवर ते जेमतेम पाच वर्षं होते, १९५३ ते १९५८. ज्या कामामुळे वेल्श भाषा त्यांना विसरणार नाही, ते त्याच्या आदल्या वर्षीच छापून झालं होतं : १४व्या शतकातला कवी दाविद् अप ग्विलिम याच्या कवितांची चिकित्सित आवृत्ती (सगळ्या हस्तलिखित प्रती ताडून मूळ मजकूर ठरवणारी), १९५२.

आधी आयुष्याचा धावता आढावा. जन्म ४ ऑगस्ट १९०४, उत्तर वेल्समधल्या कायरनार्वनशायरच्या कार्मेल गावात. सगळा परिसर स्लेटच्या खाणींचा, वडीलही खाणीत काम करणारे. पेनअग्रोइसची शाळा, मग बँगरचं विद्यापीठ महाविद्यालय. तिथे सर जॉन मॉरिस-जोन्स आणि इवोर विल्यम्स असे दोन गुरू लाभले. मॉरिस-जोन्स म्हणजे वेल्श व्याकरण आणि छंदशास्त्राचा शेवटचा शब्द, विल्यम्स म्हणजे सर्वांत जुन्या वेल्श काव्याचे संपादक. पॅरी यांच्या कामात पुढे हे दोन्ही धागे दिसतात. १९२६ मध्ये कार्डिफला वेल्श आणि लॅटिनचे व्याख्याते, १९२९ पासून पुन्हा बँगर, १९४७ मध्ये तिथेच प्राध्यापक. १९५३ ला अॅबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि १९५८ ते १९६९ त्याच गावातल्या विद्यापीठ महाविद्यालयाचे प्राचार्य. १९७८ मध्ये 'सर' झाले.

वेल्श साहित्याचा १९०० पर्यंतचा इतिहास त्यांनी एकहाती लिहिला. मुखपृष्ठावर साल १९४४. सहाव्या शतकातल्या तालिएसिन आणि अनेइरिन या कवींपासून सुरुवात करून १९ व्या शतकाच्या अखेरीस ते थांबतात. १९५५ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर हॅरॉल्ड इड्रिस बेल यांनी केलं. बेल हे ब्रिटिश म्युझियमच्या हस्तलिखित विभागाचे प्रमुख राहिलेले, म्हणजे भाषांतरकारही ग्रंथालयातलाच माणूस.

पण धागा काढायचं कारण दाविद्‌ची आवृत्ती. दाविद्‌च्या नावावर शेकडो कविता फिरत होत्या. पॅरी यांनी १५४ स्वीकारल्या आणि १७७ नाकारल्या. नाकारलेल्यांची यादीही दिली. हे त्यांनी कसं ठरवलं, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावं.

नवाध्यायी

एक प्राथमिक शंका. कवी इतका प्रसिद्ध, मग त्याच्या कविता कोणत्या हे ठरवायची वेळच का आली? जुनी छापील आवृत्ती नव्हती का?

पाठभेद

होती, आणि घोळ तिथूनच वाढला. १७८९ मध्ये लंडनमधल्या वेल्श मंडळींनी, ओवेन जोन्स आणि विल्यम ओवेन यांनी, दाविद्‌च्या कवितांचं पुस्तक काढलं. मुख्य भागात २४६ कविता. पुस्तक छपाईत असताना ग्लॅमॉर्गनच्या एका गवंड्याने आणखी कविता पाठवल्या. त्यातल्या १६ शेवटी पुरवणी म्हणून जोडल्या गेल्या. हा गवंडी म्हणजे एडवर्ड विल्यम्स, टोपणनाव योलो मोर्गानुग. पुरवणीतल्या बहुतेक कविता त्याने स्वतः रचलेल्या होत्या.

त्या इतक्या सुंदर होत्या की पुढची शंभरेक वर्षं दाविद्‌च्या उत्तम कवितांत त्यांचं नाव घेतलं जायचं. १९२६ मध्ये ग्रिफिथ जॉन विल्यम्स यांनी पुस्तक लिहून हा बनाव उघड केला. योलोचे कागद तोवर राष्ट्रीय ग्रंथालयात आले होते. योलोच्या आधीच्या एकाही पोथीत या कविता नाहीत, आणि त्यातली भाषा १४व्या शतकाची नाही.

मात्र योलो हा प्रश्नाचा छोटा तुकडा. उरलेल्या २४६ पैकीही पुष्कळ कविता दाविद्‌च्या नव्हत्याच, आणि त्यात फसवणुकीचा हेतूही नव्हता. नाव मोठं झालं की अनाथ कविता त्याला चिकटतात, इतकंच.

दप्तरी

पोथ्यांची बाजू मांडतो, ती समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दाविद्‌चा काळ १४व्या शतकाचा मध्य. त्याच्या कवितांच्या बहुतेक उपलब्ध नकला १५व्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या, त्यातही जास्त १६व्या आणि १७व्या शतकातल्या. मधली सुमारे शंभर वर्षं जवळपास कोरी. त्या काळात कविता गाऊन-म्हणून टिकल्या असं पॅरी यांचं मत होतं. अपवाद फार थोडे. त्यातला महत्त्वाचा म्हणजे हेंद्रेगादरेद हस्तलिखित. ते १९१० मध्ये त्याच नावाच्या वाड्यातल्या एका कपाटात सापडलं. आता राष्ट्रीय ग्रंथालयात क्रमांक ६६८०बी. (आकड्यामागचं अक्षर पोथीच्या आकारमानाचं असतं, मजकुराशी त्याचा संबंध नाही. संदर्भ लिहिताना पुष्कळ जण ते गाळतात, गाळू नये.)

ग्रंथालयातला सर्वांत मोलाचा वेल्श संग्रह 'पेनियार्थ'. १७व्या शतकात रॉबर्ट वॉन यांनी हेंगर्टच्या घरी जमवलेल्या या पोथ्या. कारमार्थनचं काळं पुस्तक म्हणजे पेनियार्थ १, तालिएसिनचं पुस्तक म्हणजे पेनियार्थ २. सर जॉन विल्यम्स या डॉक्टरांनी हा संग्रह मिळवला आणि राष्ट्रीय ग्रंथालय अॅबरिस्टविथलाच व्हावं या अटीवर देऊ केला. १९०७ ची सनद अॅबरिस्टविथला मिळण्यामागे हे मोठं कारण. दाविद्‌साठी पेनियार्थ ४९ बघावी : मॅलविडचे डॉ. जॉन डेव्हिस यांनी १७व्या शतकात जुन्या पोथ्यांवरून केलेल्या नकला. स्वतः व्याकरणकार आणि कोशकार असल्यामुळे काळजीपूर्वक लिहिणारा माणूस. पण असाच माणूस कधी कधी 'दुरुस्त'ही करतो, हे लक्षात ठेवायचं.

वृत्तगंधा

आता छंदाची बाजू. पॅरी यांचं खरं हत्यार हेच.

दाविद्‌चा मुख्य छंद 'कविद'. (आपल्या 'कवी'शी नातं नाही, नाद तेवढा सारखा.) दोन-दोन ओळींची जोडी, प्रत्येक ओळ ७ अक्षरांची, दोन्ही ओळींचं यमक जुळलेलं. मात्र एका ओळीत यमकाच्या अक्षरावर आघात हवा आणि दुसरीत नको.

याशिवाय प्रत्येक ओळीच्या आत 'कङ्हानेद' नावाची नादव्यवस्था असते. तिचे चार प्रकार :

क्रोइस : ओळीचे दोन भाग, पहिल्यातली सगळी व्यंजनं त्याच क्रमाने दुसऱ्यात.
त्राउस : तसंच, पण मधली काही व्यंजनं उत्तराविना सोडलेली.
साइन : तीन भाग. पहिला आणि दुसरा यमकाने जोडलेले, दुसरा आणि तिसरा व्यंजनांनी.
ल्हिस्ग : ओळीतल्या शेवटच्या शब्दाच्या शेवटून दुसऱ्या अक्षराशी आधीच्या एखाद्या शब्दाचा शेवट यमक साधतो.

उदाहरण म्हणून दाविद्‌च्या समुद्रपक्ष्यावरच्या कवितेची (पॅरींच्या आवृत्तीत क्र. ११८) पहिली ओळ घेऊ :

अर् उइलान देग | आर लानू, द्योइर

'भरतीच्या पाण्यावरची सुंदर कुरव पक्षीण, खरोखर' असा काहीसा अर्थ. स्वर काढून टाका. डावीकडे र-ल-न-द, उजवीकडे र-ल-न-द. (डाव्या भागाच्या अगदी शेवटचा 'ग' मोजत नाहीत.) म्हणजे पूर्ण क्रोइस.

आता अक्षरं मोजा. 'लानू' हा लिहिताना दोन अक्षरी दिसतो, पण जुन्या छंदात त्याचा शेवटचा ध्वनी वेगळं अक्षर धरत नाहीत, तो एकच. 'द्योइर'ही एकच. मग बेरीज बरोबर ७. नवे वाचक आठ-नऊ मोजतात आणि पाठ बिघडलाय असं समजतात. नंतरच्या लेखनिकांनीही नेमकं हेच केलं : शब्द जुना, मोजणी नव्या उच्चाराची, म्हणून ओळ 'लांब' वाटली आणि एखादा छोटा शब्द उडवला. असा उडवलेला शब्द परत आणणं हे संपादकाचं काम.

नवाध्यायी

ही ओळ वेल्श शब्दकोशात शोधली तर 'उइलान' सापडत नाही आणि 'देग'चा अर्थ 'दहा' येतो!

वृत्तगंधा

सगळे तिथेच अडकतात. वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं व्यंजन व्याकरणाप्रमाणे बदलतं. मूळ शब्द 'ग्विलान', स्त्रीलिंगी. आधी उपपद (इंग्रजी 'the'सारखं, इथे 'अर्') आलं की 'ग' गळतो. विशेषण मूळ 'तेग' (सुंदर), स्त्रीलिंगी नामामागे आलं की 'देग' होतं. 'लानू'चं मूळ 'ल्हानू'. कोशात मूळ रूपच शोधायचं. पहिलं अक्षर द असेल तर त सुद्धा बघा, ब असेल तर प, व असेल तर ब आणि म, स्वराने सुरू होत असेल तर ग लावून बघा. वेल्स विद्यापीठाचा मोठा ऐतिहासिक कोश आता जालावर मोफत आहे आणि प्रत्येक शब्दाची जुनी उदाहरणं तारखेसह देतो.

आणखी एक गोष्ट : कङ्हानेद बदललेल्या व्यंजनावर बेततात, मूळ व्यंजनावर नाही. जुन्या पोथ्यांत हा बदल नेहमी लिहून दाखवलेला नसतो. 'तेग' असं लिहिलेलं आणि उत्तराला 'द' असेल, तर छंदच सांगतो की उच्चार 'देग' आहे. पोथीपेक्षा छंद जास्त विश्वासू साक्षीदार ठरतो तो असा.

पाठभेद

वृत्तगंधा यांनी पाया घातला, त्यावर पॅरी यांची कर्तृत्व, म्हणजे कविता कोणाची हे, ठरवायची रीत सांगतो.

१९३६ मध्ये त्यांनी कङ्हानेदच्या वाढीवर मोठा निबंध लिहिला. त्याचा उपयोग इथे झाला. दाविद्‌च्या पिढीत साइनचं प्रमाण भरपूर, क्रोइसचं तुलनेने कमी, आणि जोडीतल्या पहिल्या ओळीत कङ्हानेद नसली तरी चालत असे. १५व्या शतकात नियम आवळले गेले : ओळ रिकामी ठेवायची नाही, आणि क्रोइसचा वापर खूप वाढला. त्यामुळे एखादी कविता ओळीमागून ओळ क्रोइसने भरलेली असेल, तर ती नंतरची असण्याचा संशय घ्यायचा.

दुसरी खूण 'सांग्याद' : वाक्य मध्येच तोडून घातलेला तुकडा. 'मी गेलो (थंड होती रात्र) तिच्या दारी' अशी रचना. दाविद् याचा सढळ वापर करतो, कधी कधी दोन वाक्यं एकमेकांत विणतो. नंतरच्या कवींची वाक्यं बरीच सरळ चालतात.

तिसरी भाषा : जुनी क्रियापदरूपं, जुने शब्द. चौथी पोथ्यांची साक्ष, आणि इथे सर्वांत सावध राहावं लागतं. आपल्याकडे 'तुका म्हणे' ही नाममुद्रा अभंगातच असते. वेल्श पोथीत कवीचं नाव बहुधा लेखनिक कवितेच्या खाली लिहितो. दाविद् काही कवितांत स्वतःचं नाव गुंफतो, पण सगळ्यांत नाही. त्यामुळे एकच कविता एका पोथीत दाविद्‌ची, तर दुसरीत भलत्याची. दहा पोथ्या दाविद् म्हणतात आणि दोन दुसरं नाव, म्हणून दाविद् जिंकला असं नाही. त्या दहा एकाच प्रतीवरून उतरवलेल्या असतील तर साक्षीदार एकच. आणि मोठ्या कवीची कविता लहान नावावर जायचं कारण कमी, उलट दिशेला ओढ जास्त. म्हणून अनोळखी नावाला वजन द्यायचं.

यातली कुठलीच खूण एकटी पुरेशी नाही. पॅरी सगळ्या एकत्र तोलतात, आणि तरीही शंका उरली तर कविता बाहेर ठेवतात. हा संयम मला त्यांच्या विद्वत्तेचा गाभा वाटतो. हिमावरची सुप्रसिद्ध कविता, जी लोकांना तोंडपाठ होती आणि दाविद्‌ची म्हणूनच आवडत होती, तीसुद्धा त्यांनी बाहेर ठेवली. स्वतः काटेकोर छंदात लिहिणाऱ्या माणसाला तिचं मोल कळत नसेल असं नाही.

शिळाप्रेस

सांख्यिकी खुणांबद्दल एक आक्षेप नोंदवतो, तो अभ्यासकांनीही घेतलेला आहे. आधी काही कविता 'नक्की दाविद्‌च्या' धरायच्या, त्यांवरून शैलीचं प्रमाण काढायचं, मग त्या प्रमाणाने उरलेल्या तपासायच्या, हे वर्तुळ होतं. कवी तरुणपणी एक लिहितो, उतारवयात वेगळं. साधी, कमी सांग्यादची कविता दाविद्‌ने लिहिलीच नसेल असं कशावरून? शिवाय जिथे पहिली ओळ रिकामी होती, तिथे नंतरच्या लेखनिकांनी आपल्या काळच्या नियमाने ती 'भरून' काढली असेल तर मोजणीच बिघडते.

पाठभेद

आक्षेप रास्त आहे. लेखनिकांनी घातलेल्या भरीवर उपाय एकच : मोजण्याआधी पाठ निश्चित करायचा, म्हणजे सगळ्या नकला शेजारी मांडून सर्वांत जुना पाठ काढायचा. पॅरी यांनी तोच क्रम ठेवला. वर्तुळाचा दोष मात्र पुरता जात नाही. नंतरच्या संपादकांनी सीमारेषेवरच्या कवितांचा म्हणूनच वेगळा गट केला.

नवाध्यायी

ही पद्धत भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीसारखीच म्हणायची का?

दप्तरी

पहिली पायरी सारखी : सगळ्या प्रती मिळवा, ताडून बघा, कुळं लावा. पुढे वाटा फुटतात. महाभारतात एका माणसाची लेखणी शोधायची नव्हती, परस्परांपासून स्वतंत्र अशा परंपरांत जे समान आहे तिथवर मागे जायचं होतं. इथे एक कवी वेगळा काढायचा आहे. शिवाय प्रती तोंडी परंपरेतून आलेल्या असल्या की वंशवृक्ष नीट बसत नाही. एका प्रतीत जोड्या १, २, ३, ४ अशा, दुसरीत १, ३, २ आणि चौथी गायब. आठवणीतून लिहिणाऱ्याच्या हातून हेच होतं, कारण कविदची प्रत्येक जोडी स्वतःत पूर्ण असते आणि सुटी निसटते. तेव्हा ओळींचा क्रम अर्थावरून आणि बहुसंख्य चांगल्या प्रतींवरून लावायचा, तर ओळीच्या आतला पाठ ७ अक्षरं आणि कङ्हानेदने तपासायचा. अनुष्टुभापेक्षा ही चाळणी कितीतरी बारीक. एक व्यंजन चुकलं तरी ओळ बोलते.

शिळाप्रेस

ग्रंथपालपदाबद्दल कोणीच लिहिलं नाही. त्यांच्या काळात नेमकं काय चाललं होतं?

दप्तरी

ते तिसरे ग्रंथपाल. जॉन बॅलिंजर १९०९ ते १९३०, विल्यम ल्ववेलिन डेव्हिस १९३० ते १९५२, मग पॅरी, त्यांच्यानंतर ई. डी. जोन्स. पेनग्लाइसच्या टेकडीवरची मुख्य इमारत टप्प्याटप्प्याने चालली होती, कोनशिला १९११ ची. ती पॅरी यांच्या काळात पुरी झाली आणि ऑगस्ट १९५५ मध्ये राणी एलिझाबेथ त्यासाठी आल्या होत्या.

१९११ च्या कॉपीराइट कायद्याने ग्रंथालयाला ब्रिटनमध्ये छापलेल्या पुस्तकांची प्रत मागायचा हक्क मिळाला होता. पण तो इतर मोठ्या ग्रंथालयांइतका मोकळा नव्हता. काही महागड्या आणि मोजक्या प्रती काढलेल्या पुस्तकांवर बंधन होतं. वेल्श किंवा केल्टिक विषयाला मात्र सूट. म्हणजे या ग्रंथालयाचं मन कशात आहे हे कायद्यातच लिहिलं होतं. वेल्सचा चरित्रकोश १९५३ मध्ये वेल्शमधून निघाला, मुख्य संपादक जॉन एडवर्ड लॉइड आणि आर. टी. जेंकिन्स, डेव्हिस सहायक संपादक, आणि विद्यापीठाच्या ऐतिहासिक कोशाच्या चिठ्ठ्यांची कपाटं याच इमारतीत होती.

ग्रंथपालाची नजर त्यांच्यात अखेरपर्यंत राहिली. १९७६ मध्ये मर्विन मॉर्गन यांच्यासोबत त्यांनी वेल्श साहित्याची मोठी ग्रंथसूची काढली. सूचीचं काम रुक्ष वाटतं, पण पुढची पिढी तिच्यावरच उभी राहते.

नवाध्यायी

आता वाचायला सुरुवात करायची तर कोणती आवृत्ती घ्यावी? वेल्श फार कमी येतं.

पाठभेद

पॅरी यांची कारणमीमांसा हवी असेल तर १९५२ चीच पहिली आवृत्ती शोधा. १९६३ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रस्तावना बरीच छाटली आहे आणि कर्तृत्वाची मुख्य चर्चा त्या लांब प्रस्तावनेतच आहे. जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडून मागवताना साल विचारून घ्या, नावात फरक नाही.

कविता वाचायच्या असतील तर स्वान्झी विद्यापीठातून दाविद् जॉन्स्टन यांच्या नेतृत्वाखाली २००७ मध्ये जालावर आलेली नवी आवृत्ती घ्या. मूळ पाठ, आधुनिक वेल्श अर्थ, इंग्रजी भाषांतर, टिपा, पोथ्यांतल्या नकला शेजारी-शेजारी, सगळं मोफत. तिथे १७१ कविता आहेत, शेवटी संशयित कर्तृत्वाच्या.

क्रमांकांची गडबड मात्र सांभाळा. सरायीत रात्री अडखळत फिरणाऱ्या प्रियकराची कविता पॅरींकडे १२४, नव्या आवृत्तीत ७३. २००७ आधीच्या बहुतेक लेखांत पॅरींचे आकडे असतात, नंतरच्यांत नवे. कोणता आकडा हे न बघता उघडलं तर भलतीच कविता समोर येते. क्रमांकापेक्षा पहिली ओळ टिपून ठेवा, ती दोन्हीकडे जवळपास तीच असते.

वृत्तगंधा

आणि कुरव पक्षिणीच्या कवितेपासूनच सुरुवात करा. ओळ मोठ्याने म्हणा, पेन्सिलीने व्यंजनांखाली खुणा करा, प्रकार ओळखा. जोडीतली दुसरी ओळ 'वेनल्होइर' या शब्दावर संपते, पहिली 'द्योइर'वर. यमक 'ओइर', एकदा आघाताचं, एकदा बिनआघाताचं. हाताला ही सवय लागली की पॅरींची प्रस्तावना वाचताना ते कुठे बोट ठेवतायत ते दिसू लागतं.